ओला पंचा

शेवग्याची शेंग मोडली की बोट मोडतं.
कोबीचा गड्डा वरवंट्यानं ठेचला की डोकं.
गादीवर वेताची छडी म्हणजे कोठडी,
आणि पंचा भिजवून, अर्धवट पिळून
रेक्झिनच्या सीटवर सपकन मारला की
इन्स्पेक्टर शार्दूलची थप्पड.

एरंडवण्यात एका तळघरात,
भिंतींना गोधड्या, दाराला दुहेरी काच,
मी गेली नऊ वर्षं
दर भागाला तीन ते पाच थपडा पुरवते.
भाजीवाली विचारते, एवढ्या शेंगा रोज?
मी म्हणते, घरात माणसं फार.

घरात माणसं दोन. मी आणि पद्माकर.
त्याला नसलेले आवाज ऐकू येतात,
मला नसलेले आवाज करायचे पैसे मिळतात.
आई होती तोवर
हा विनोद तिच्यासमोर करता यायचा नाही.

महिन्यातून एका मंगळवारी आम्ही येरवड्याला जातो,
धनकवडीहून, बस बदलून.
कंडक्टरला 'दोन येरवडा' म्हटलं की मागचं पोरगं हसतं.
पुण्यात हा शब्द पत्ता कमी, शिवी जास्त.
पद्या तिकिटावरच्या आकड्यांची बेरीज करतो,
इंजेक्शन घेतो,
बाहेर येऊन उसाचा रस पितो, बिनबर्फाचा.
रात्री टाकीतलं पाणी आपलं नाव घेतं
म्हणून झाकणावर वीट ठेवतो.
एवढंच.

मालिकेतला वेडा असा नसतो.
त्याच्या खोलीत बाहुल्या टांगलेल्या.
तो आधी हसतो, मग मारतो,
आणि त्याच्यासाठी मी स्टीलच्या ताटावरून
काट्याचं टोक ओढते, हळू, फार हळू,
म्हणजे जेवता जेवता लोकांना कळावं, आला.
शेवटच्या सात मिनिटांत शार्दूल त्याला आत घेतो.
कॅमेरा दाराबाहेर थांबतो.
आत फक्त मी.

गेल्या थंडीत रात्री दीड वाजता
पद्या उड्डाणपुलाखाली उभा राहून गाड्या मोजत होता.
बीटवरच्या दोघांनी नाव विचारलं.
तो म्हणाला, चारशे बारा.
पुन्हा विचारलं.
चारशे तेरा.

मी चौकीत पोचले तेव्हा तो बाकावर,
डाव्या कानाला हात.
हवालदार तरुण होता, आडनाव गोडांबे.
त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. खरंच मागवला.
म्हणाला, एकच वाजवली ताई, नावच सांगेना.
आणि किती शांत उभा होता, बघा ना.
टीव्हीवर दाखवतात ते असेच शांत असतात.
मी येरवड्याचा शिक्का असलेला कागद पुढे केला
तेव्हा तो दोन पावलं मागे सरला.

मला म्हणायचं होतं, अहो, ती थप्पड माझी.
चहात साखर जास्त होती.
प्यायले.

घरी आल्यावर विचारलं, केवढा आवाज झाला रे?
कामातला प्रश्न, तोंडातून गेलाच.
तो बराच वेळ आठवत बसला.
आवाज नाही झाला.
बामच्या डबीचं झाकण लावतात ना, तेवढा.
मग म्हणाला, चारशे तेरानंतर काय आलं असेल गं?

परवा मी दिग्दर्शकाला तशी करून दिली.
बामची डबी, अंगठा, एकदाच.
त्यानं हेडफोन काढला.
ही कुणाला लागणार?
पंचा भिजव.

भिजवला.

रात्री नऊला आम्ही टीव्ही लावत नाही.
शेजारचे लावतात.
भिंतीतून शार्दूल ओरडतो, मग ती येते,
एक, जरा थांबून दुसरी,
कुकरची शिट्टीसुद्धा तिच्यापुढे दबते.
पद्या भाकरी मोडायची थांबवतो, कान देतो.

शेजारी, म्हणतो,
कुणीतरी या वेळी
कपडे धुतंय.