सदतीस सेंट

सलायनाच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं मी हिशेब लिहिले,
गळक्या मीटरांचेसुद्धा.
एकदा ताळेबंदात सदतीस सेंट जास्त निघाले
तर शुक्रवारी रात्री साडेनऊपर्यंत बसलो.
कमी निघाले असते तर खिशातून भरून घरी गेलो असतो,
पण जास्तीचे पैसे कुणाचे तरी असतात.

हे मी वॉशिंग्टनला कळवलं, आमच्या प्रतिनिधींना,
शाईच्या पेनाने.
माणूस आमचाच.
सलग चार निवडणुका अंगणात त्यांची पाटी रोवली,
गारपिटीत वाकली तेव्हा
काठी बांधून सरळ केली.

लिहिलं:
अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आमच्यात म्हणतात.
तुम्ही अंथरूणच गहाण टाकलंत
आणि पाय अजून पसरताच आहात.
लिहिलं:
चौदाशे पानांचं विधेयक मध्यरात्री आलं, पहाटे मंजूर झालं.
मला दोनशे पानांना आठवडा लागला.
त्यात बचत दहाव्या वर्षी सुरू होते,
खर्च येत्या सोमवारी.

सात आठवड्यांनी उत्तर.
जाड कागद, वर गरुड,
सही यंत्राची; ओलं बोट फिरवलं तरी पसरली नाही.
प्रिय मित्र,
किनाऱ्यावरच्या मासेमारीविषयीची आपली कळकळ
मला भावली.

कॅन्ससला समुद्र नाही.
तरी मी नकाशा काढून पाहिला.

शरयू म्हणाली, फोन करा.
पलीकडे मिसरूड न फुटलेला आवाज:
आपलं मत नोंदवून घेतलंय, सर.
कुठल्या वहीत, मी विचारलं.
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.

ऑगस्टात ते स्वतः आले,
फायर स्टेशनच्या आवारात, घडीच्या खुर्च्या, उकडलेली कणसं,
पायात शेतकऱ्याचे बूट, कोरे.
लॉर्ना फानेनस्टील उभी राहिली.
चर्चमधल्या मर्तिकाच्या जेवणांचा हिशेब तिच्याकडे असतो,
सॅलडच्या वाडग्यांसकट.
म्हणाली, तुम्ही ते वाचलंत का? हो की नाही?
फार चांगला प्रश्न, लॉरा, ते म्हणाले,
आणि पलीकडच्या पक्षाबद्दल अकरा मिनिटं बोलले.
मी घड्याळ लावलं होतं.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, दोन,
सवयीने,
मग हात खिशात घातले.

पलीकडचे उघड उधळतात.
त्यांच्याकडे काटकसर मी कधी मागितलीच नाही.
शेजारी पिऊन आला तर आपण खिडकी लावून घेतो,
भाऊ पिऊन आला की झोप लागत नाही.

डेन्व्हरहून मुलगी म्हणते, बाबा, मग पक्ष बदला ना.
जसा काही शर्ट आहे.
अगं, मी होतो तिथेच उभा आहे, वही घेऊन.
मांडवच उचलून नेलाय कुणीतरी
आणि आचारी, वाढपी सगळे त्याच्यामागे गेलेत.

नोव्हेंबरात ल्यूथरन चर्चच्या तळघरात
कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास.
पाणी मंडळाच्या जागेचा गोल विचार करून भरला.
शाळेचाही.
वरच्या नावापाशी पेन थांबलं.
मागे एक बाई बाळाला खांद्यावर थोपटत होती,
तिला घाई असणार.
पुन्हा त्यालाच दिलं.
इतकं दाबून, की गोल मागच्या बाजूला उमटला.
छातीवर लावायचा स्टिकर दिला त्यांनी,
तो मी पाकिटात ठेवला, पावत्यांमध्ये.

घरी आलो. कोट न काढताच टेबलाशी बसलो.
शरयूने दिवा लावला, काही बोलली नाही.

महोदय,
समुद्राबद्दल मी लिहिलं नव्हतं.