कडब्याचा रकाना

माझ्या प्रबंधाचं नाव एका ओळीत मावत नाही :
कंपन्यांची नैतिकता, अन्नपिके आणि लोकप्रशासन,
सोलापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात.
बाबा रात्रपाळीहून येतात, भुवयांवर टॉवेलचा कापूस,
विचारतात, 'विशेष संदर्भ म्हंजे आपण का गं?'

प्रश्न सदतीस. माणसं एकशे बारा.
प्रश्न चौदा : कंपनीवर तुमचा विश्वास किती? एक ते पाच.
मंगळवेढ्याच्या पलीकडे रान इतकं सपाट
की उतरवून गेलेली एसटी
बराच वेळ जातच राहते.
शरणव्वा म्हणाली, 'पाचात काय विचारतीस, पायलीत विचार.'
मी लिहिलं : उत्तर अस्पष्ट.

बियाणं कंपनीनं फुकट दिलेलं,
सामाजिक दायित्वाच्या निधीतून.
पिशवीवर हसणारी मुलगी,
तिच्या हातातलं कणीस कुठल्याच रानातलं नाही.
मग अहवाल, गुळगुळीत कागदावर :
'ऊत्पादनात अठरा टक्के वाढ.'
उ दीर्घ.

तोच दीर्घ ऊ मला तालुक्याच्या टिपणीत भेटला.
मग जिल्हा परिषदेच्या फायलीत, सही-शिक्क्यासह.
मग, खरं सांगते,
माझ्याच दुसऱ्या प्रकरणात, पान एकेचाळीस.

कक्ष अधिकारी दुधनीकर माणूस वाईट नाही.
डबा उघडला, कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीसकट अर्धी माझ्याकडे सरकवली.
'दाबायला काही असावं लागतं, मॅडम.
इथं काही दाबलेलंच नाही.
फॉर्मात जेवढे रकाने, तेवढंच सरकारला दिसतं.'
भाकरीचा आवाज मोठा होता.
शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघत होता.

काय नव्हतं फॉर्मात,
ते शरणव्वानं गोठ्यात नेऊन दाखवलं.
मालदांडी डोक्याच्या वर जायची.
ही नवी कमरेला येते, आणि ताट असं
की म्हैस तोंड लावते
आणि दुसरीकडे बघत उभी राहते.
'दाणा आपला, कडबा जनावराचा.
वाटणीत दोघं होते, बाई.
तुम्ही एकालाच मोजून गेलात.'

मी तिथंच गोठ्यात कागद चाळले.
कंपनीच्या तक्त्यात कडबा नाही.
सरकारी नमुन्यात नाही.
माझ्या सदतीस प्रश्नांत नाही,
ज्यांतले अकरा नैतिकतेवर आहेत.

मार्गदर्शक फोनवर म्हणाले,
'पुढील संशोधनास वाव, त्यात टाका दोन ओळी.
मुदत मार्चअखेर आहे.'

बाबांना सांगितलं. ते कांदा फोडत होते.
'ताण्यातला एक धागा सुटला तरी कापड होतंच.
मोजून गठ्ठे बांधतात, माल जातो.
पट्टी दिसते ती धुतल्यावर,
गिऱ्हाइकाच्या घरी.'
मग म्हणाले, मीठ दे.

एकशे बारा कागदांवर
पट्टी लावून पेन्सिलीनं एकेक रेघ ओढली.
साठाव्यानंतर रेघा तिरक्या झाल्या, तशाच ठेवल्या.
पान एकेचाळीसवरचा ऊ ऱ्हस्व केला.
अठरा टक्क्यांवर गोल करून लिहिलं : कशाचे?
दुधनीकरांना फोन केला.
ते बराच वेळ गप्प. मागे पंख्याची घरघर.
मग हळूच : 'रकान्याला शीर्षक काय देताय?
विचारून ठेवतो फक्त.'

सकाळची पहिली एसटी.
शरणव्वा गंजीपाशी उभी, ओठ हलत होते.
'आव्वा, तुमचा फॉर्म परत...'
तिनं हात वर केला.
'घालवलीस ना मोजणी! आता पहिल्यापासून.
तोंड उघडू नको.'

एक पेंढी. दोन पेंढ्या.
मी टोपण काढून उभी आहे.
ऊन गंजीवर चढतंय, म्हैस माझ्या पिशवीचा वास घेतेय.
बावीस. तेवीस.
अजून बऱ्याच आहेत.