तुडुम

तिसऱ्या रात्री तिच्या ओठाचा उजवा कोपरा हलला.
"सटवाई हसवते," काचेपलीकडून मावशी म्हणाली.
मी घड्याळ बघत होते.
सटवाई असं मोजून हसवत नाही,
सेकंदाला एक, सेकंदाला एक.
मग डावा पाय सायकल मारू लागला
आणि मावशीने पदर तोंडात धरला.

मनगटाच्या पट्टीवर नाव नव्हतं. बेबी ऑफ पुस्तकला.
वजन बाराशे चाळीस.
आठ आठवडे आधी, अर्धी रोवणी टाकून
बांधीतूनच आणली होती आई.
टेबलावर घेतली तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर चिखल होता,
तो मीच पुसला.

फिनोबार्बिटल दिलं. पाय थांबला.
नागपूरहून पंधरा दिवसांच्या बोलीवर आलेलं मशीन
तेवढं ऐकेना.
टाळूला चिकटवलेल्या तारांमधून
रेघा उसळतच होत्या पडद्यावर.
अंग गप्प, आत गलका.
मी आजवर पाय थांबला की चार्टवर "बरे" लिहीत आले.
किती वर्षं, ते त्या रात्री मोजलं नाही.

डॉक्टर धुर्वे बापाला समजावत होत्या.
मेंदूत एक निरोप असतो, "थांब" सांगणारा.
मोठ्या माणसात तो पोचला की पेशी निवते.
एवढ्याशा जिवात कधीकधी तोच निरोप
"चल" असा ऐकू येतो.
आपलं औषध त्या निरोपाचाच आवाज वाढवतं,
पण ऐकणारी पेशीच अजून…
त्या शब्द शोधत राहिल्या.
मीठ, म्हणाल्या. मिठातला एक अंश.
तो आतच जास्त साठलेला असतो.
दार उघडलं की आत यायचं ते बाहेर पळतं.

टिकाराम कापगते, तलावाचं तुडुम उघडणारा,
बांधीबांधीला पाणी वाटून देणारा माणूस.
बराच वेळ फरशीकडे बघत राहिला.
"पुराच्या साली नाला तलावाच्या वर चढला होता, बाई.
तुडुम उघडलं त पानी उलटंच आत शिरलं.
तुडुमाची काई चूक नोहोती.
पातळीच तशी होती."

धुर्वे बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. मी पाहिलं.

मग त्या वारेबद्दल बोलल्या.
पोटात असताना वार एक द्रव्य घडवते,
बाळाच्या मेंदूवर हात ठेवून असणारं.
बाळ बाहेर आलं की तो हात सुटतो.
हिचा आठ आठवडे आधीच सुटला.
"मंग ते द्रव्य बाटलीतून देता येत नाही का?"
"देऊन बघतात काही ठिकाणी.
पण ते द्रव्यही त्याच दाराशी जातं.
या वयात ते दार किती उघडावं,
उघडल्यावर पाणी कुठे जाईल,
अजून कोणाला नीट माहीत नाही."

पहिल्या दिवशी मावशीने वार मागितली होती,
परसात पुरायला, उंबराखाली.
मी नियम सांगितला.
पिवळ्या पिशवीला गाठ मारली, दोनदा.

पाळी होती म्हणून टिकाराम गावी गेला.
पाण्याची पाळी; लोक खोळंबले होते.
पुस्तकला उरली, उघड्या छातीवर
लेक बांधून, खुर्चीत, रात्रंदिवस.
रोज संध्याकाळी वॉर्डाचा फोन वाजे.
"पातळी किती?"
पहिल्यांदा मी वजन सांगितलं.
नंतर सांगत गेले तेवढंच, जेवढं माहीत होतं:
मीठ उपसणारे पंप पेशी स्वतःच बसवते,
उशिरा, तिच्या वेळेने. कोणी घाई करू शकत नाही.
"हो," तो म्हणे. "चिखल बसू द्यावा लागते."

मशीन सोळाव्या दिवशी परत गेलं.
त्याआधीचे चार दिवस रेघा बऱ्या होत्या.
बऱ्या, एवढंच.

बाविसाव्या रात्री, दूध पिऊन झोपलेली,
ओठाचा उजवा कोपरा हलला.
मी घड्याळ वर धरलं.
एक. मग बराच वेळ काही नाही.
मग दोनदा, लागोपाठ. मग डावीकडे.
ताल नव्हता कशालाच.
तरी पूर्ण दोन मिनिटं मोजलं.
मग काचेपलीकडे मावशीला
मानेने सांगितलं: तीच.