तीन वार

साडेनऊला बसलिंगप्पा निटुरे आले.
पिशवीत घरची उशी, घरची चादर,
डब्यात चतकोर भाकरी, "रात्री लागली तर".
औसा रोडवर, दुसऱ्या मजल्यावर
मी त्यांच्या डोक्याला टेप लावते,
टाळूवर लाल पेन्सिलीनं खुणा करते.
"टोपी शिवलालीस का, माय?"
वायरी एकवीस. छातीला पट्टा, पोटाला पट्टा,
नाकाशी नळी,
बोटाच्या टोकाला लाल दिवा.

बत्तीस वर्षं आडतीवर सौदा पुकारणारा गळा.
तुरीच्या ढिगापाशी उभा राहिला
की अख्खी गल्ली गप.
"परवा एक वार म्हणलो, दोन वार म्हणलो
आन् तिथंच उभ्या उभ्या झोपलो की ओ.
खरेदीदार बी हसला.
माल तेवढा थांबून राहिला."

दिवा मालवून मी पलीकडच्या खोलीत.
पडद्यावर ते करडे, धुरकट.
अकरा वीसला झोप लागली
आणि घोरणं सुरू झालं,
खडीवरून रिकामी ट्रॉली जावी तसं.
मग एकदम काहीच नाही.
छाती ओढतेय, पोट ओढतंय,
नाकाची रेघ मात्र सपाट.
दहा सेकंद. एक वार.
वीस. दोन वार.
प्राणवायू एक्याऐंशी, शहात्तर,
भाव पडावा तसा पडतो
आणि कुणीच बोली लावत नाही.
एकेचाळीस सेकंद
मीही श्वास धरून बसते.
असा नियम नाही, सवय लागलीय.
मग ते फुर्रकन वर येतात,
कूस बदलतात, ओठ चाटतात.
यातलं त्यांना काहीच ठाऊक नसतं.
तासाला अठ्ठावन्न वेळा.

अडीचला मास्क चढवते.
"हे काय, घोड्याचा तोबरा?"
हवेचा दाब सात, आठ,
अकरावर रेघा सरळ चालू लागतात,
पाभरीमागं तासं पडत जावीत तशा.
इतकं शांत,
की खालच्या गल्लीत नळ आल्यावर
कुणी घागर सरकवली, तेही ऐकू येतं.

सहाला केसांत चिकटा, गालावर पट्ट्याचा वळ.
कॉटवर बसून बराच वेळ
ते भिंतीकडं बघत राहतात.
"लहान होतो तवा आसं उठायचो."
मग मशीन हातात घेऊन, उलटंपालटं करून,
"केवढ्याला?"
मी आकडा सांगते.
ते निम्मा सांगतात
आणि माझ्याकडं बघत थांबतात,
पुरते जागे.