नापास दगड

पन्नीतला खर्रा घोटत लटारीमामा विचारतो,
"तू थ्या गोव्याले नेमकी करतं काय व?"
मी सांगते: चिखल धुते.
समुद्राच्या तळाचा चिखल, बारीक चाळणीवर.
चाळणीत उरतात ती कवचं
तीन केसांच्या कुंचल्यानं एकेक उचलते.
"केवढी?"
खसखशीचा दाणा त्यांच्याशेजारी
धोंडा वाटेल, मामा.

भट्टी मागे धुमसते आहे.
तो मधूनच उठतो, भिंतीला पालथा हात लावतो,
परत येऊन बसतो.
साठ वर्षांत त्याला थर्मामीटर लागलं नाही.

मी सांगत राहते:
जिवंत होते तेव्हा वरच्याच पाण्यात तरंगायचे हे जीव.
एक जात उन्हाला लागून,
दुसरी खाली, जिथं ऊब एकदम तुटते
त्या बांधावर.
ज्यानं त्यानं आपल्या पाण्यातून चुना उचलला, घर बांधलं.
पाणी जितकं उबदार
तितकं चुन्यात मॅग्नेशियम जास्त.
मेल्यावर दोघंही एकाच गाळात.
मी त्यांना पुन्हा वेगळं करते, मशीनला देते,
आणि दोन आकड्यांमधलं अंतर बघते.
अंतर कमी, तर त्या काळी उबेचा थर जाड,
अंतर मोठं, तर पातळ, गोधडीच्या एका पदराएवढा.

मॅग्नेशियम म्हटल्यावर मामा थुंकतो.
"त्याचं नावच नोको काढू.
तीन ट्रक वापस आले होते माह्ये.
फॅक्टरीतलं पोट्टं मने, मॅग्नेशियम जास्त, नापास."
तो दगड अजून नाल्याकाठी पडला आहे.
मधून बाभळी उगवल्या,
बकऱ्या चारणारी पोरं त्यावर बसून मोबाईल बघतात.

मी त्याला सांगत नाही की
मागच्या दिवाळीला त्यातलाच एक तुकडा मी नेला होता,
कागदासारखा पातळ कापला, भिंगाखाली धरला.
वाटलं होतं, कोणीतरी असेल.
कोणी नव्हतं.
आपल्या गावाचा समुद्र इतका जुना
की त्यात अजून कोणाला
घर बांधता येत नव्हतं.

"पन मेलेला जीव ताप सांगते कसा?"
मी म्हणते, बंद पडलेल्या खाणीत
तू मला पोहायला शिकवलं होतंस. मे महिना.
छातीपाशी पाणी नुसतं कोमट,
पाय सोडले तर घोट्यांना हिवाळा.
तो हसायला लागतो, ठसका लागेपर्यंत.
"बोंबलली होती तू!
मामा, खाली कोनं बरफ ठेवला, मने."
मग बराच वेळ गप्प.
मग आपल्याशीच,
"म्हंजे तुह्या दाण्यायनं पाय सोडून पाह्यले."
हो, मामा. एवढंच.
इतक्या वर्षांत माझा प्रबंध
कोणी इतक्या कमी शब्दांत वाचला नव्हता.

निघताना त्यानं नाल्यावरून एक दगड आणून
माझ्या साड्यांमध्ये खुपसला.
"याचं मोज. पास होते का पाह्य."

याच्यातलं मॅग्नेशियम मागाहून शिरलेलं,
समुद्र गेल्यावर, दगडाच्या भेगांतून झिरपत.
त्याला कुठल्याच पाण्याची ऊब आठवणार नाही.
हे मला ठाऊक होतं.

नागपूरला बॅग दोन किलोनं जास्त भरली.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काही काढून ठेवता का?
मी पैसे भरले.