आटे

रात्रभरात पुठ्ठ्यावर तीन थेंब,
सकाळी त्यांचा एकच डाग.
ड्रेन बोल्ट आवळायला गेलो
तर तो फिरतच राहिला,
कुठेच न टेकता.

मागच्या खेपेला पान्याला पाइप अडकवून
जोर लावणारा मीच.

मूर्तिजापूर रोडवर, फाट्याच्या टपरीत
लतीफ मिस्त्री गाडीखाली आडवे झाले.
चेंबरच्या भोकात बोट घालून, डोळे मिटून चाचपलं.
बोटासोबत चमचमता किस आला.
"पोट्ट्या, तेल थांबवाले जोर नाही लागत,
वायसर लागते. तांब्याचं.
बोल्टाले राग येते का? मंग तुले काऊन आला?"

एक नंबर मोठा टॅप काढला.
त्याच्या खाचांत ग्रीस भरलं,
चुरा तिथंच चिकटावा म्हणून.
अर्धा फेरा पुढं, पाव मागं.
अर्धा पुढं, पाव मागं.
बॅटरी धरून माझा खांदा भरून आला.
बाहेरून सरकीचा ट्रक गेला, टपरीचा पत्रा थरथरला,
टॅप जरासा तिरपा गेला.
काही न बोलता त्यांनी तो उलटा फिरवत बाहेर घेतला,
पुसला,
पुन्हा सरळ धरला.

नवा बोल्ट नुसत्या बोटांनी,
"हातानं जाते तवरच तो आपला."
मग पाना.
आणि जिथं मी आणखी एक झटका दिला असता
तिथंच त्यांनी पाना खाली ठेवला,
चहा सांगितला.

आज पुठ्ठा कोरडा आहे.
फक्त माझ्या उजव्या हातात
तो राहिलेला झटका
अजून तसाच आहे.