चारशे तेरावी

वाल्दिव्हियात ऑगस्ट. नदीवर धुकं,
मासळीबाजाराच्या धक्क्यावर समुद्रसिंह घोरताहेत.
आमच्या बोयाला मेमरी चौसष्ट किलोबाइट,
बॅटरी एका हिवाळ्यापुरती,
आणि किनाऱ्याला रोज सांगायला
अक्षरं चाळीस. एक्केचाळिसावं समुद्रात.

मी कुरकुरलो, एवढ्यात काय मावणार?
डोन्या ओतिलिया मान वर न करता म्हणाली,
"मावत नाही ते बहुधा तुलाच कळलेलं नसतं."

खोडत खोडत चाळिसांत बसवलं.
मग त्याला छळायला घेतलं :
रात्रभर माशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं,
तेरावा महिना पाठवला, मुका वारा,
पहाटे तीनला अर्धीच बॅटरी.
चाचण्या चारशे बारा.
सगळ्या हिरव्या.
मी मातेसाठी पाणी ठेवलं.

तिने कोडमध्ये शिरून मुद्दाम
एक चिन्ह फिरवलं, अधिकाचं उणे.
आता लाट चढली तरी बोया म्हणणार :
समुद्र ओसरतोय.
"चालव पुन्हा."

चारशे बारा.
सगळ्या हिरव्या.

किटली शिट्टी मारत राहिली, कुणी उठलं नाही.
एवढे साक्षीदार बोलावले मी,
आणि सगळे पाण्याकडे पाठ करून बसलेले.

साठ साली, कोर्रालला,
ओसरल्या समुद्रात तिचा मामा
शिंपले वेचायला उतरला होता.
हे मला तिच्या भावाने सांगितलं. ती नाही.

चारशे तेरावी तिने स्वतः लिहिली,
दोन बोटांनी, चष्मा कपाळावर.
चालवली.
लाल.

"हं," म्हणाली,
आणि किटली उतरवली.